रेघेच्या अलीकडं की पलीकडं?

“दोन फूट.” चंदगडजवळच्या काजूच्या बागेत म्हातारबाबा सकाळपासून एवढंच सांगत होते. शेजाऱ्यानं बांध कोरत कोरत दोन फूट आत आणलाय. शेजारी काही न बोलता खाली सडलेल्या बोंडांकडे बघत उभा. बोंडांचा आंबूस वास मात्र बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता.

मोजणीला आलेल्या भूकरमापकाच्या हातात खांब, खांबाच्या टोकाला उपग्रहांच्या संकेतांवरून जागा टिपणारं यंत्र, रोव्हर. नोटिसा, जबाब, पंचांच्या सह्या झटपट उरकल्या. खरा वेळ गेला तो पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणण्यात. त्यात काजूच्या दाट फांद्या आड येत होत्या. “फिक्स येईना,” म्हणत तो पुन्हा मोकळ्यावर सरकायचा. उपग्रहांचे संकेत सतत टिपणाऱ्या राज्यातल्या 77 ‘कॉर्स’ स्थानकांच्या आधारानं रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं, पण त्याला आभाळ दिसावं लागतं.

मला या बागेपर्यंत यायला निमित्त झालं ते एका सहीचं. घराच्या नकाशावर वास्तुविशारदाच्या सहीखाली नोंदणी क्रमांक असतो. मोजणीच्या नकाशाच्या ‘क’ प्रतीवर सहीखाली नुसता हुद्दा असतो. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आणि परिषद आहे. तोही कायदा ‘वास्तुविशारद’ या उपाधीच्या वापरालाच संरक्षण देतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. त्यांना स्थानिक नियमांप्रमाणे परवाना मिळतो. आणि हद्द दाखवणारा? “आम्हाला परवाना कशाला? सरकारी नोकर आम्ही,” भूकरमापक हसला.

शिनोळी ओलांडून बेळगावकडे गेलं, की चित्र वेगळं. कर्नाटकात परवानाधारक खासगी सर्वेक्षक विक्री-वाटणीआधीचा ‘अकरा ई’ नकाशा करून देतात. 1956 पर्यंत चंदगडही बेळगाव जिल्ह्यातच होतं. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनंही परवानाधारक खासगी भूकरमापक आणायचं जाहीर केलं. रखडलेल्या मोजण्यांवर तो उतारा ठरेलही. परवान्याची कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत वायोमिंग राज्यानं 1907 मध्ये अभियंते आणि भूमापकांना परवाना सक्तीचा केला, तोही पाण्याच्या हक्कासाठी कुणीही कसलेही नकाशे काढून आणत होतं म्हणून.

इथली अडचण मात्र जुन्या कागदात आहे. मुंबई इलाख्याची मोजणी 33 फुटी साखळीनं झाली. साखळीचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. त्या मोजणीतून उतरलेली रेघ आज रोव्हरच्या बिंदूंशी जुळवायची. नकाशा एकास हजार प्रमाणाचा असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ रानात अर्धा मीटर जागा खाते.

“म्हणजे किती?” म्हातारबाबांनी विचारलं.

“पावणेदोन फुटांच्या आसपास.”

म्हातारबाबांनी नकाशावर नख टेकवलं. नखाखाली दोन्ही शेतांचे गट नंबर झाकले गेले. “मग आमचं दोन फूट या रेघेच्या अलीकडं, का पलीकडं?”

भूकरमापकानं उत्तर दिलं नाही. त्यानं खांब उचलला, चार पावलं मागं आला आणि बुडबुडा पुन्हा मध्यावर आणू लागला. पहिल्यांदाच शेजारीही वाकून त्या बुडबुड्याकडे बघत होता.