मणक्यात सुई कशासाठी?

पाठ दुखू लागली की आपल्याकडे आधी उसण भरली म्हणतात, मग गादी सरकली म्हणतात. चोळून होतं, शेकून होतं, पट्टा बांधून होतो. रात्री पडल्यापडल्याही ठणका थांबेना, अंगात कणकण राहू लागली, वजन उतरलं, की मग माणूस नांदेड किंवा लातूर गाठून एमआरआय काढतो. अहवालात लिहिलेलं असतं : मणक्याला क्षय, दुसरा जंतुसंसर्ग किंवा गाठ असू शकते.

त्या ‘किंवा’नं घर हादरतं. आमच्या गल्लीतल्या एका गवंड्याची बायको तो कागद घेऊन आली. “चाचा, मणक्यात सुई घालायची म्हणतात. सुईनं पाय जातात ना? गाठ पसरते ना?” मी कविता लिहिणारा माणूस, कण्यावर ओळी केलेल्या, मणक्याचं काय सांगणार? मग डॉक्टरांना विचारत गेलो.

एमआरआय म्हणजे चित्र. जंतू बहुधा दोन मणक्यांमधली गादी पोखरतात, कर्करोग बहुधा गादी सोडून हाड धरतो. पण ‘बहुधा’च. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली मणक्याच्या क्षयाचं वर्णन केलं. आपल्याकडे तो आजही दुर्मीळ नाही. म्हणून पुष्कळदा नुसत्या चित्रावर क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. पुढे तो स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तर तेवढे महिने हातचे गेले. शिवाय ब्रुसेला आहे : गुरांचा आजार, कच्च्या दुधातूनही माणसात येतो, मणका धरतो. घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना आपणहून सांगावं.

सुईनं मणक्याचा तुकडा काढण्याची रीत अमेरिकेतल्या रॉबर्टसन आणि बॉल यांनी १९३५ साली मांडली. आता रुग्णाला पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुई पुढे नेतात. रक्तस्राव किंवा नसेला इजा होऊ शकते, पण क्वचित. गाठ पसरण्याचा धोकाही फारच थोडा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

खरी गंमत पुढे आहे. तुकड्याचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला; दुसरा सलाईनमध्ये, जंतू शोधायला. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर जंतू मरतात, मग कल्चर करायचं कशाचं? म्हणून “दोन बाटल्या ना?” एवढं नातेवाइकांनी खुशाल विचारावं. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आणि रिफाम्पिसिन त्याला लागू पडेल का, हे सांगतं. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात. गवंड्याचा क्षयच निघाला, औषधाला जुमानणारा.

कधी नमुन्यात काहीच सापडत नाही. तेव्हा पुन्हा सुई, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. आधीच प्रतिजैविकं घेतली असतील तर जंतू सापडणं अवघड होतं.

आपल्या भागात नांदेडला १९८८पासून, लातूरला २००२पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; हैदराबाद-पुण्याची गाडी धरण्याआधी तिथे चौकशी करावी. क्षय ठरला तर औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत; वर्षभर किंवा जास्तही घ्यावी लागतात. मात्र पाय लुळे पडू लागले, लघवी अडली, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.