हात भरून येतो, तरी कार्य शून्य?

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. "सर, दहा किलोची बादली धरून नुसता उभा राहिलो, हात भरून आला, आणि पुस्तक म्हणतं कार्य शून्य?" अशा वेळी "विस्थापन नाही म्हणून कार्य नाही" एवढ्यावर मुलाला गप्प बसवू नका. त्याचा हात खरंच दमलेला असतो.

तीच बादली भिंतीतल्या खुंटीला अडकवून दाखवा. खुंटीही हाताइतकंच, म्हणजे 98 न्यूटन बल वरच्या दिशेने लावते. रात्रभर लावते, पण तिला खायला काही लागत नाही. मग हातच का दमतो? कारण स्नायू खुंटीसारखा नुसता ताठ राहू शकत नाही. त्याच्या आतले बारीक तंतू एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. त्यासाठी अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची शेवटी उष्णता होते. खर्च खरा आहे, पण बादलीच्या खात्यात त्यातलं काहीच जमा होत नाही. आणि हाताने बादलीवर केलेलं कार्य म्हणजे त्या खात्याचा हिशोब.

आता बादली उचलून 1 मीटर उंच ओट्यावर ठेवा. 98 न्यूटन गुणिले 1 मीटर, कार्य 98 ज्यूल. सावकाश खाली उतरवताना मात्र हात वर ओढतोय आणि बादली खाली जातेय, म्हणून हाताचं कार्य उणे 98 ज्यूल. त्याच वेळी गुरुत्व बलाचं कार्य अधिक 98! म्हणून "कार्य किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे. "कोणत्या बलाने, कशावर?" हे विचारायची सवय लावा, माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ही व्याख्या यंत्रांच्या हिशोबातून आली. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनाने किती वजन किती उंच नेलं, हे मोजायचं होतं. फ्रान्सच्या कोरिओलिसने 1829 च्या आपल्या पुस्तकात या गुणाकारासाठी फ्रेंचमधला 'काम' या अर्थाचा रोजचाच शब्द वापरला. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत. हात दमवतं ते 'काम', ज्यूलमध्ये मोजतो ते 'कार्य'. (घरातलं लग्नकार्य वेगळं!)

घरी मुलांना विचारून बघा: भरलेली बादली घेऊन सपाट अंगणात एकसारख्या वेगाने चाललं, तर तिला पेलून धरणाऱ्या बलाचं कार्य किती? बल वर, विस्थापन आडवं. आणि तीच बादली घेऊन जिना चढलं तर?