सलाइनमधून तारुण्य?
एनएडी हे पेशीत अन्नापासून ऊर्जा काढायला लागणारं को-एन्झाइम. आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना त्याचा माग १९०६ मध्ये यीस्टच्या रसात लागला. वयानुसार ते काही अवयवांत घटतं, मग तारुण्यासाठी ते सलाइनने शिरेतून भरा, असा हा सरळसोट हिशेब! २०१९ च्या एका छोट्या चाचणीत ८ पुरुषांना ६ तासांत ७५० मिलिग्रॅम दिलं. पहिले २ तास रक्तातली पातळी हललीसुद्धा नाही. म्हातारपण लांबणीवर पडतं का, हे त्यात तपासलंच नव्हतं. थेंब भरभर सोडले की छातीत दडपण, मळमळ, पोटात मुरडा. नळीवरचं चाक फिरवून वेग कमी केला की हा त्रास बहुधा ओसरतो. वार्धक्य रोखण्यासाठी या सलाइनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मंजुरी नाही. बाटलीतलं द्रावण निर्जंतुक आहे ना, हे सुई टोचण्याआधी विचारा.