उंदराची दोन वर्षं

रात्री वारा फिरला की खारघरमध्ये खिडक्या लावून घेतल्या जातात. तळोजा एमआयडीसीच्या बाजूनं दर्प येतो. तो नाकाला लगेच कळतो. पण एखाद्या रसायनानं वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होईल का, हे कसं कळावं? तेवढं थांबायला कोणाला परवडणार? म्हणून उंदराला विचारायचं. त्याचं म्हातारपण दोन वर्षांत येतं.

मराठीत सगळे उंदीरच, प्रयोगशाळेत मात्र रॅट वेगळा आणि माऊस वेगळा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४५१ क्रमांकाच्या चाचणीत रॅटला साधारण २४ महिने आणि माऊसला १८ महिने रसायन देतात: खाद्यातून, पाण्यातून किंवा श्वासावाटे. किमान तीन मात्रांचे तीन गट, चौथा रसायन न दिलेला. प्रत्येकात ५० नर, ५० माद्या. चौथा गट हवाच, कारण म्हाताऱ्या उंदरांना एरवीही गाठी होतात. शेवटी अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. खरं चिकाटीचं काम हेच.

उंदरांना दिलेली मात्रा मोठी असते. ती एवढी मोठी का, असा आक्षेप नेहमी येतो. कारण साधं आहे. ५० पैकी एकाही उंदराला गाठ झाली नाही, तरी खरा धोका शंभरात सहापर्यंत असू शकतो. हजारात एक एवढा धोका पकडायला हजारो उंदीर लागतील. म्हणून थोड्या उंदरांतही धोका दिसावा यासाठी सोसेल तितकी मात्रा द्यायची.

यात फसगतही होते. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या सॅकरिननं नर रॅटच्या मूत्राशयात गाठी झाल्या; कारण निघालं रॅटच्याच लघवीच्या घडणीत, आणि २००० साली अमेरिकेनं ते कॅन्सरकारक संशयितांच्या यादीतून वगळलं. उलट पीव्हीसीचा कच्चा माल असलेल्या व्हायनिल क्लोराइडनं इटलीतल्या बोलोन्यात संशोधक चेझारे माल्तोनींच्या रॅटना यकृताचा दुर्मिळ कॅन्सर झाला, आणि १९७४ मध्ये अमेरिकी कारखान्यातल्या कामगारांतही तोच उघड झाला.

आपल्याकडचं उदाहरण कारखान्यातलं नाही, चुलीवरचं आहे. खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ या केंद्रातली टाटाची कॅन्सर संशोधन संस्था २००२ पर्यंत परळला होती. तिथे १९८०च्या दशकात मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, खाद्यात मिसळून उंदरांना दिली गेली. गाठी आल्या त्या जठराआधीच्या पिशवीत. माणसाला ती पिशवीच नसते. मग निकाल बाद करायचा? मला तसं वाटत नाही. तंबाखू भाजताना बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक द्रव्यं वाढतात, आणि उंदरांनी जी गिळली ती मशेरी बायका हिरड्यांवर चोळून कितीतरी वेळ तोंडातच ठेवतात.