आतड्यांचा दाह आणि प्रोबायोटिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात, राज्यात इतरत्र मिळतात तशाच, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणि पुड्या चिठ्ठीशिवाय मिळतात. जुलाबावर दिली जाणारी ही गोष्ट आतड्यांच्या दीर्घकालीन दाहावरही चालेल, असे अनेकांना वाटते. हा दाहरोग मात्र नुसते पोट बिघडणे नव्हे. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि पचनमार्गात कोठेही उद्भवणारा क्रोन्सचा विकार, या त्याच्या दोन्ही प्रकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्याच्या भिंतीवर उलटते.

पुरेशा मात्रेत घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. या व्याख्येतील ‘पुरेशा मात्रेत’ हे शब्दच सहसा विसरले जातात. भारतात 147 कोलायटिसग्रस्तांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ जीवाणूंचे एक ठरावीक मिश्रण दिले गेले, तेव्हा बारा आठवड्यांनी 42.9 टक्के रुग्णांचा रोग शमला, तर औषधहीन पुडी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15.7 टक्के होते. पण त्या मिश्रणाच्या एकेका मात्रेत 3.6 लाख कोटी जीवाणू होते आणि ती दिवसातून दोनदा घ्यायची होती. दुसऱ्या जीवाणूच्या किंवा कमी मात्रेच्या कॅप्सूलला हा निष्कर्ष लागू होत नाही. क्रोन्सच्या विकारात तर ठोस लाभ दिसलेला नाही, आणि अमेरिकेतील पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये दोन्ही विकारांत प्रोबायोटिक केवळ संशोधन-चाचण्यांपुरते वापरावे, अशी शिफारस केली.

घरचे दही, ताक किंवा नागलीची आंबील सोसत असेल तर अवश्य घ्यावी. मात्र विरजणातील जीवाणूंचा वाण आणि संख्या निश्चित नसल्याने ते अन्न ठरते, उपचार नव्हे.

सर्वांत घातक समज म्हणजे प्रोबायोटिक सुरू केल्यावर मेसालामाइनसारखे नेहमीचे औषध थांबवता येते, हा होय; औषध सुटले की शमलेला रोग पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. ‘निरुपद्रवी’ हे विशेषणही सरसकट खरे नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या किंवा शिरेत नळी असलेल्या रुग्णांत हे सूक्ष्मजीव क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग घडवतात.

शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो आणि दोहोंचे उपचार भिन्न आहेत. म्हणून शौचावाटे रक्त, घटते वजन किंवा रेंगाळणारा ताप असेल, तर कॅप्सूलवर महिने न दवडता, कोलोनोस्कोपीसाठी मुंबई गाठावी लागली तरी, आतड्याचा तुकडा तपासून निदान करून घेणे आवश्यक ठरते.