विश्लेषण : बाळाच्या नाळेतील रक्त साठवावे का? बँक निवडताना काय पाहावे?

गर्भारपणाचा सहावा-सातवा महिना लागला, की अनेक दाम्पत्यांना स्टेम सेल बँकांचे फोन सुरू होतात. ‘बाळाचा जैविक विमा’, ‘ही संधी आयुष्यात एकदाच’ असे सांगत हजारो रुपयांचे पॅकेज आणि सोबत ईएमआयचा पर्याय पुढे केला जातो. निर्णय प्रसूतीपूर्वीच घ्यायचा असल्याने विचाराला वेळ कमी मिळतो. म्हणूनच सही करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

नाळेतील रक्तात काय असते?

रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत उरलेले रक्त पिशवीत गोळा करतात. प्रक्रिया करून त्यातील पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. अशा रक्ताचे पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झाले. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या मुलाला नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले. म्हणजे ते रक्त स्वतःचे नव्हते, भावंडाचे होते.

स्वतःचे रक्त कामी का येत नाही?

थॅलेसेमिया हा जनुकीय आजार आहे. बाळाला तो असेल, तर दोष नाळेतील पेशींतही असतो. लहान मुलांच्या अनेक रक्तकर्करोगांची सुरुवातही जन्मापूर्वीच झालेली असते. शिवाय एका नाळेतील पेशी प्रौढ रुग्णाला बहुधा अपुऱ्या पडतात. स्वतःच्या भावी वापरासाठी रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही खासगी साठवणुकीला ‘विमा’ म्हणणे चुकीचे ठरवले आहे.

मग विचार कोणी करावा?

मोठ्या भावंडाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा प्रत्यारोपण लागणारा अन्य रक्तविकार असेल, तर साठवणूक उपयोगी ठरू शकते. सख्ख्या भावंडांचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा कुटुंबांनी प्रसूतीपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांशी बोलावे.

बँक निवडताना काय विचारावे?

• परवाना : केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? आयसीएमआरच्या सूचनांनुसार भारतात फक्त नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे. नाळेची ऊती किंवा दातातील गर साठवण्याचे जादा पॅकेज नाकारावे.

• गुणवत्ता : एएबीबी किंवा फॅक्ट या आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रमाणपत्र सध्या लागू आहे का?

• अहवाल : एकूण पेशी, सीडी३४ पेशी, जिवंत पेशींचे प्रमाण आणि जंतुसंसर्ग चाचणी यांचे आकडे लेखी मिळतील का? पेशी कमी भरल्या, तर पैसे परत मिळतात का?

• अनुभव : किती नमुने साठवले, यापेक्षा प्रत्यारोपणासाठी प्रत्यक्ष किती दिले, हे विचारा.

• सामुदायिक बँक : यात सदस्यांचे नमुने एकमेकांना उपलब्ध होतात. मात्र जुळणारा नमुना मिळेलच, याची खात्री नसते. सदस्यत्व कधी संपते, हेही पाहा.

• करार : बँक बंद पडली किंवा नमुना खराब झाला, तर भरपाई किती? हा प्रश्न काल्पनिक नाही. सिंगापूरमधील एका खासगी बँकेच्या काही टाक्यांचे तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. त्यात दोन हजारांहून अधिक नमुने निकामी झाले.

नाळ कापण्याची घाई नको

जन्मानंतर किमान एक मिनिट थांबून नाळ कापावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे बाळाच्या शरीरात जास्त रक्त जाते आणि पुढील महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो. साहजिकच बँकेच्या पिशवीत रक्त कमी जमा होते. पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर कापू नये, हे प्रसूतीतज्ज्ञांना आधीच स्पष्ट सांगावे. त्या रक्ताची पहिली गरज बाळालाच असते, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही.