मेजरनंतरचा गुरुवार
(हिरवळीचा हिशेब : लेखांक ९)

१६ जून २०२४. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला यूएस ओपनचा शेवटचा दिवस. पाच होल बाकी असताना रोरी मॅकिलरॉय दोन फटक्यांनी पुढे होता. सोळाव्या होलवर त्याचा चेंडू खळग्यापासून जेमतेम अडीच फुटांवर होता, म्हणजे आपल्या घरातल्या दाराची रुंदी. त्या मोसमात तीन फुटांच्या आतून खळग्यात ढकलायचे ४९६ फटके (‘पट’) त्याने मारले होते आणि ४९६ च्या ४९६ आत गेले होते. हा गेला नाही. अठराव्यावर चार फुटांच्या आतला आणखी एक हुकला आणि ब्रायसन डिशॅम्बो एका फटक्याने जिंकला. मॅकिलरॉय पत्रकारांशी न बोलता मोटारीत बसला आणि निघून गेला.

पुढच्या गुरुवारी कनेक्टिकटमध्ये सुरू होणाऱ्या ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या यादीत त्याचं नाव होतं. सोमवारी त्याने ते काढून घेतलं. स्पर्धा मात्र ठरल्या वेळी सुरू झाली. बक्षिसाची रक्कम होती २ कोटी डॉलर.

मागच्या आठवड्यात आपण बक्षिसाच्या वाटणीचा हिशेब मांडला. आजचा वाद त्यालाच चिकटून आहे : मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, संपल्यावर पीजीए टूरने आठवडाभर दुकान बंद ठेवावं का?

टीव्हीवर बघताना एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चारपैकी एकही मेजर पीजीए टूरच्या मालकीची नाही. मास्टर्स ऑगस्टा नॅशनल क्लबची, यूएस ओपन यूएसजीएची, द ओपन ब्रिटनच्या आर अँड एची. पीजीए चॅम्पियनशिपही पीजीए ऑफ अमेरिकेची. नाव सारखं असलं तरी खेळाडू त्या संस्थेतून १९६८ मध्येच वेगळे झाले आणि त्यातून आजची टूर उभी राहिली. थोडक्यात, मेजर हे शेजारच्या घरचं कार्य. शेजारी लग्न झालं म्हणून आपलं दुकान आठवडाभर कोण बंद ठेवील?

त्यात दिवस मुळातच कमी. २०१९ पासून पीजीए चॅम्पियनशिप ऑगस्टमधून मे महिन्यात आली, कारण अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आत टूरला आपला फेडएक्स कप उरकायचा होता. त्यामुळे चारही मेजर एप्रिल ते जुलै एवढ्यात कोंबल्या गेल्या. प्रत्येकीनंतर सुट्टी द्यायची तर ऐन मोसमातले चार आठवडे गेले.

आता हार्बर टाउन बघा. मास्टर्सनंतरचा आठवडा बहुतेक वर्षं या मैदानाचा असतो. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं हिल्टन हेड बेट, अठराव्या होलमागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, ओकच्या फांद्यांतून चेंडू काढावा लागेल असे अरुंद फेअरवे. ऑगस्टाची ग्रीन अंगणाएवढी, तर इथली उंबरठ्याएवढी म्हणावी इतकी लहान. इथली पहिली हेरिटेज स्पर्धा १९६९ ची, जिंकली अर्नोल्ड पामरने. २०१० नंतर मुख्य प्रायोजक निघून गेला आणि २०११ ची स्पर्धा प्रायोजकाविना पार पडली. मग आरबीसी ही कॅनडाची बँक आली म्हणून ती टिकली. अशा स्पर्धेला ‘एक आठवडा थांबा’ सांगणं फार सोपं असतं, विशेषतः ज्यांची हॉटेलं त्या बेटावर नाहीत त्यांना.

आणि थकवा सगळ्यांना सारखा येतो असंही नाही. १९८५ मध्ये बर्नहार्ड लँगरने मास्टर्स जिंकून पुढच्याच आठवड्यात हेरिटेज जिंकली. हा पराक्रम पुन्हा व्हायला ३९ वर्षं लागली : २०२४ मध्ये स्कॉटी शेफलरने तो केला, तोही हवामानाने खेळ सोमवारवर ढकलला असताना. जॉर्डन स्पीथ २०१५ मध्ये मास्टर्सचं हिरवं जॅकेट घालून इथे आला, गुरुवारी ७४ फटक्यांत अडखळला आणि शुक्रवारी ६२ मध्ये फेरी संपवली. म्हणजे अंगात बळ होतं. गुरुवारी मन अजून ऑगस्टातच होतं, असं मला तरी वाटतं.

सुट्टीच्या बाजूने बोलणारे बहुतेकदा वरच्या वीस-पंचवीस नावांकडे बघून बोलतात. गोल्फपटूला पगार नसतो. कट हुकला, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बाद झाला, की त्या आठवड्याची कमाई शून्य. विमान, हॉटेल आणि कॅडी यांचा खर्च मात्र चालूच. जुलै २०२३ मध्ये द ओपननंतरच्या आठवड्यात मिनेसोटात थ्रीएम ओपन झाली. बरेच मोठे खेळाडू आलेच नव्हते. ली हॉजेस सात फटक्यांनी जिंकला. टूरवरचं ते त्याचं पहिलं विजेतेपद. त्या एका आठवड्याने त्याची पुढची दोन वर्षांची जागा पक्की केली. तो आठवडा बंद ठेवला असता तर?

म्हणून माझं मत : विश्रांती खेळाडूला हवी, टूरला नको. खोट आहे ती मेजरला खेटून २ कोटींची स्पर्धा ठेवण्यात. हेरिटेज आणि ट्रॅव्हलर्स या दोन्ही ‘सिग्नेचर’ स्पर्धा, विजेत्याला ३६ लाख डॉलर आणि गुणही जास्त. एवढं ताट समोर वाढून ‘हवं तर जेवा’ म्हणणं हा आग्रह नाही तर काय? २०२३ मध्ये तर सक्तीच होती. मोठ्या स्पर्धांपैकी एकच चुकवायची मुभा, आणि मॅकिलरॉयने हवाईची आधीच चुकवली होती. मास्टर्समध्ये कट हुकल्यावर मन थाऱ्यावर नाही म्हणून तो हेरिटेजला गेला नाही. बोनसमधले ३० लाख डॉलर कापले गेले. गंमत म्हणजे ही व्यवस्था आणणाऱ्यांत तो स्वतःच पुढे होता.

आपल्याला हे परकं वाटू नये. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी माणसांचा समुद्र उसळला होता आणि ६ जुलैला हरारेत भारताचा दुसरा, नवखा संघ झिम्बाब्वेकडून १३ धावांनी हरला. क्रिकेट मंडळाने मालिका थांबवली नाही, फक्त माणसं बदलली. विश्वविजेत्या संघातले दुबे आणि जयस्वाल तिसऱ्या सामन्यापासून खेळले. पहिला सामना हरलो, पण काही तरुणांना भारताची टोपी मिळाली. गोल्फने मेजरनंतरच्या आठवड्यात हेच करावं : मोठी रक्कम पंधरा दिवसांनी पुढे न्यावी आणि मधला आठवडा हॉजेससारख्यांना द्यावा.

गोल्फमधली ती सक्ती पुढे उठली, हे बरं झालं. एप्रिल २०२५ मध्ये मॅकिलरॉयने जस्टिन रोझला प्लेऑफमध्ये हरवून मास्टर्स जिंकली आणि चारही मेजर त्याच्या नावावर झाल्या. पुढच्या गुरुवारी हार्बर टाउनला जस्टिन थॉमसने ६१ फटक्यांची फेरी खेळून मैदानाच्या विक्रमाची बरोबरी केली आणि रविवारी जवळजवळ तीन वर्षांनी विजेतेपद मिळवलं. मॅकिलरॉय तिथे नव्हता. तो उत्तर आयर्लंडला आई-वडिलांना भेटायला गेला होता, आणि या वेळी त्याचा एक डॉलरही कापला गेला नाही.